ड्युटी तसा वेश

“मार, आजून मार! काय झालं ते न इचारताच मार पोरीला!”

विठूतात्या हातातला विळा तसाच धरून बांधाकडे धावला आणि कापणीवरची माणसं कंबर सरळ करून उभी राहिली. मी तर आधीपासूनच उभा होतो. माझा धंदा गाडीचा. सकाळी गावातली पोरं इकोत कोंबायची, वज्रेश्वरीच्या रस्त्याला असलेल्या इंग्लिश शाळेत नेऊन ओतायची आणि दुपारी परत आणून ज्याची त्याच्या हवाली करायची. विठूतात्याची नात मेघाली हिला त्या दिवशी मी शेतावरच आणली, कारण तिच्या घरचं झाडून सगळं माणूस भात कापायला गेलं होतं. पोरगी दिली आणि मॅडमचा निरोपही तिच्या आईला दिला. रूपाने निरोप पुरता ऐकला आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

निरोप असा, की मेघालीला अगदी साध्या गोष्टी कळत नाहीत, तेव्हा दिवाळीनंतर तिला खालच्या वर्गात, ज्यांना अजून नाक पुसता येत नाही अशा पोरांबरोबर बसवावं लागेल.

“कोंबड्याच्या आधी उठून हिचा डबा करते मी,” रूपा रडकुंडीला आली होती. “गावात नाव घालवलंन माजं. धाकट्यांत बसनार आता ही!”

“पन केलं काय तिनं?” विठूतात्याने नातीला पोटाशी धरलं. “सांग गं बाय, काय इचारलं मॅडमनी?”

मेघालीने गळ्यातला टाय वर करून डोळे पुसले. त्या टायचा तेवढा एक उपयोग मी आजवर पाहिला आहे. “मॅडमनी इचारलं, ऊन असल्यावर काय घालायचं. मी सांगितलं, जाड कोट.”

“मंग?”

“सगली पोरं हसली. मंग इचारलं, थंडीत काय घालायचं. मी सांगितलं, दामूमामा गंजी घालतो. मंग इचारलं, पावसात काय घालायचं.”

“मंग तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, आजा काय न्हाय घालत.”

काशीकाकी, म्हणजे विठूतात्याची बायको, कापलेल्या भातावरच फतकल मारून हसायला लागली. विठूतात्याने पायाखालचं ढेकूळ उगाच विळ्याच्या टोकाने फोडलं. पावसाळ्यात लावणीच्या चिखलात हा माणूस लंगोटीवर असतो, आणि पाचवीच्या पूजेपासून अख्ख्या गावाने त्याला तसाच बघितला आहे. रूपाचा भाऊ दामू निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर आहे. तिथल्या शेडमध्ये डिसेंबरातसुद्धा मशिनींची धग अशी असते की माणूस गंजीवर उभा असतो आणि तीही पिळून वाळत घालतो. राहिला उन्हातला जाड कोट. तो नेमका तेवढ्यात मोटारसायकलवरून आलाच.

भूपेश म्हणजे विठूतात्याचा मुलगा, मेघालीचा बाप. काल्हेरला एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्याची ड्युटी. मटार, आइस्क्रीम, बटाट्याचे काप, शहरातल्या लोकांना जे जे शिळं करून ताजं म्हणून खायचं असतं ते सगळं तिथं गोठवून ठेवतात. आत जे थंडगार दालन असतं त्याला ती माणसं चेंबर म्हणतात. पाणी सांडलं तर फरशीवर पोचेपर्यंत त्याचा खडा होतो. त्या चेंबरमध्ये पूर्ण शिफ्ट खोकी उचलायची आणि बाहेर यायचं ते थेट भिवंडीच्या ऑक्टोबरात. बाहेर आल्या आल्या कोट काढला की माणूस तापाने फणफणतो, हे तिथल्या पोरांनी एकेकदा अंथरुणाला खिळून शिकून घेतलेलं. म्हणून सगळे कोट अंगात ठेवूनच घरी निघतात. निम्म्या वाटेवर हाडं सैल होतात, घरी पोचेपर्यंत घाम सुटतो, मग काढायचा. शिवाय कोट तिथं खुंटीला ठेवला तर पुढच्या शिफ्टचा माणूस उचलतो आणि आपल्या वाट्याला कुणाचातरी दमट, वास मारणारा राहतो. कंपनी माणशी एकच कोट देते.

तर डोक्यावर ऊन रणरणतंय, वीतभर जाडीचा निळा कोट गळ्यापर्यंत बंद केलेला, कानाला टोपी, अशा थाटात भूपेश बांधावर येऊन उतरला आणि उन्हाकडे पाठ करून बसला.

“ही बघ,” विठूतात्या सुनेला म्हणाला, “तुज्या पोरीची चूक मोटारसायकलवर बसून आली.”

भूपेशला सगळं सांगितलं. तो बायकोसारखा चिडला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. ही पोरगी शिकून गोदामाबाहेरचं काहीतरी करील, एवढ्यासाठी तो त्या बर्फात उभा राहतो. मला त्याने हे गाडीत दोन-तीनदा बोलून दाखवलं आहे. आणि आता त्याच कोटापायी पोरगी खाली बसणार होती.

“मॅडमना सांगा, मी समजावून घेतो तिला,” तो एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोरं उतरवल्यावर रूपा आणि विठूतात्या माझ्याच गाडीतून शाळेत आले. शाळेचं नाव लिटल राजहंस. चालवतात करिष्मा मॅडम. पंढरीशेठची ही धाकटी सून. शेठचं गाव खाडीकडचं. बापजादे मिठागरात आणि भातात राबले, शेठनी जमिनीवर गाळे बांधले आणि आता ते राबत नाहीत, भाडं घेतात. काल्हेरपासून इकडे वज्रेश्वरीच्या रस्त्यापर्यंत पाच-पन्नास पत्र्यांखाली त्यांची जमीन आहे. एका गाळ्याला भाडेकरू मिळेना तेव्हा सूनबाईंनी त्यात शाळा काढली. त्यामुळे शाळेला खिडक्या नाहीत, शटर आहे.

करिष्मा मॅडमच्या केबिनमध्ये एसी होता आणि त्यांच्या अंगात काळा ब्लेझर. बाहेर वर्गात पत्रा तापला होता आणि पोरांच्या गळ्यात नायलॉनचे टाय, पायात गुडघ्यापर्यंत मोजे. भिंतीला तक्ता होता: उन्हाळ्यात सुती, सैल, फिकट रंगाचे कपडे घालावेत. पोरं त्या तक्त्याखाली घाम पुसत बसली होती.

“मेघाली स्वीट आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण बेसिक कन्सेप्टच क्लिअर नाही. सीझनप्रमाणे कपडे बदलतात, देशाप्रमाणे बदलतात, हे तिला समजतच नाही. तिन्ही उत्तरं चुकली.”

“चुकली न्हाईत, मॅडम,” विठूतात्या बोलला. “तिचा बाप खरंच घालतो कोट.”

“आजोबा, ते एक्सेप्शन झालं. मुलांना आपण रूल शिकवतो.”

“आमच्या घरात तर एक्शेप्शनच राहतात सगली,” तात्या म्हणाला. रूपाने त्याचा शर्ट मागून ओढला.

“बाबा, गप ऱ्हावा. मॅडम, आमची चूक झाली. मी करून घेते पाठ. पन खाली नका बसवू तिला.”

रूपाचा आवाज असा झाला की मॅडमनाही जरा वाईट वाटलं असावं. बाई दुष्ट नाही, हे मी कधीही सांगेन. फक्त त्यांना जे पुस्तकात नाही ते डोळ्यासमोर असलं तरी दिसत नाही, आणि हा दोष काही त्यांच्या एकट्यांचा नाही. त्यांनी तोड काढली. शनिवारी शाळेचा कार्यक्रम होता, ‘देश तसा वेश’. प्रत्येक पोर एकेका देशाचा पोशाख घालून येणार, दोन वाक्यं बोलणार, मॅडम एक प्रश्न विचारणार. मेघालीने त्यात नीट उत्तर दिलं तर ती आहे त्याच वर्गात राहील.

“मेघालीला आपण एस्किमो करू,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे थंडीत कोट, हे तिच्या पक्कं डोक्यात बसेल.”

निघताना तात्याने विचारलं, आपल्या देशाचं कोण आहे. मॅडमनी सांगितलं, प्रितेश म्हणून मुलगा आहे, तो भारतीय शेतकरी होणार आहे: पांढरं धोतर, लाल पागोटं, पिळाच्या मिशा. तात्याने स्वतःकडे पाहिलं. अंगात भूपेशच्या जुन्या कंपनीचा टीशर्ट, पाठीवर कुठल्याशा गोठवलेल्या मटाराचं चित्र, खाली गुडघ्यापर्यंतची अर्धी चड्डी. तो गुपचूप गाडीत येऊन बसला.

घरी आल्यावर काशीकाकीने पहिला प्रश्न विचारला, “ह्यो एस्किमो कुनाच्यातला हाय?”

“बर्फातला हाय, आई,” रूपा म्हणाली.

“म्हंजे भूपेशच्याच कंपनीतला.”

रूपा हसली नाही. ती कापणी सोडून माझ्याबरोबर निजामपुऱ्यात आली. तिथं बोळात एक दुकान आहे, शाळांच्या कार्यक्रमांना पोशाख भाड्याने देणारं. दुकानात झाडं, फुलपाखरं, पोलीस, फौजी, भाज्या असं सगळं हँगरला लटकत होतं. शेजारच्या शेडमधल्या लूमचा खडखडाट एवढा, की दुकानदार आपलं बोलणं ओरडून करत होता.

“एस्किमो तो गया, भाभी! सब इस्कूल का एकही टाइम पे फंक्शन है. खरगोश ले जाओ!”

“खरगोश काय करू?”

“कान अंदर मोड़ देने का. एस्किमोच लगेगा. कौन देखने जाता है?”

खरं सांगायचं तर मला तो सल्ला पटला होता. आपल्याकडे एस्किमो बघितलेला माणूस मिळणार कुठं? पण रूपाचं मन घेईना. ससा करून नेला आणि एखादा कान मध्येच बाहेर आला तर पोरगी कायमची धाकट्यांत. ती रिकाम्या हाताने परत आली आणि संध्याकाळी खळ्यावर भारे उतरवताना तिने नवऱ्याला सांगितलं, “तुमचा कोट घालू तिला.”

भूपेश भारा तसाच डोक्यावर घेऊन उभा राहिला. “खुळी हायस काय? त्यो माजा न्हाय, कंपनीचा हाय.”

“घरी तर आनताच की रोज.”

“आनतो तो माज्या अंगावर. कोटाबिगर चेंबरमधी पाय ठेवू देत न्हाईत. आन पोर घामानं भिजवील त्याला. भिजल्याला कोट आत नेला तर पत्र्यागत कडक होतो, मानूस आखडून मरंल. सुपरवायझर गेटवर हात लावून बघतो.”

“शनवारी तुमची दुसरी शिफ्ट हाय. दोन वाजता जायचं तुम्ही. कार्यक्रम धाला हाय. घंट्याभरात आटपंल. मी लगेच सुकवून देते.”

“दिवाळीचा माल आलाय. एक खाडा झाला तर कंत्राटदार दुसरा मानूस घेतो, रांग लागलीय गेटवर.”

“मंग बसू दे पोरीला खाली,” रूपा म्हणाली आणि तिने पाठ फिरवली. “तुमची ड्युटी सांबाळा.”

विठूतात्या आणि काशीकाकी दोघंही भाताच्या काड्या निवडायला लागली. नवरा-बायकोच्या भांडणात म्हाताऱ्यांना असंच काहीतरी तातडीचं काम निघतं. भूपेशने भारा टाकला आणि गमछ्याने तोंड पुसलं. मग मेघालीला हाक मारली, कोट तिच्या अंगात घातला. बाह्या जमिनीला लागत होत्या. पोरगी त्या कोटात एवढी खूश झाली की गिरक्या घ्यायला लागली. तिथंच तो हरला.

शनिवारी मीच सगळ्या जगाला गाडीतून शाळेत नेलं. मागच्या सीटवर अरबस्तान आणि जपान एकमेकांना चिमटे काढत होते. जपानने आईचा गाऊन घातला होता आणि केसांत दोन चमचे खोचले होते. आफ्रिका म्हणून कुणालच्या कमरेला आंब्याच्या पानांचा घागरा बांधला होता. त्या अख्ख्या खंडात कापडाचं एक दुकान नसावं असा मॅडमचा समज. आमच्या भिवंडीचं कापड तिकडे जातं म्हणतात. ते लोक बहुतेक त्याची घडी घालून ठेवत असतील आणि पानं नेसत असतील. भारतीय शेतकरी प्रितेश मिशी खाजते म्हणून रडत होता. मेघाली माझ्या शेजारी बसली होती. कोट अजून घातला नव्हता, मांडीवर घडी करून धरला होता, आणि ती ओठांतल्या ओठांत घोकत होती, “उन्हाळ्यात सुती, उन्हाळ्यात सुती.”

शाळेसमोर मांडव होता. मांडवावर ताडपत्री. खाली खुर्च्या, खुर्च्यांवर आयाबाया. धाला सगळं तयार होतं, पण पाहुणे म्हणून यायचे होते पंढरीशेठ, आणि शेठ त्या सकाळी आणखी एका गाळ्याची फीत कापायला गेले होते. सासरा आल्याशिवाय सून सुरू करणार कशी? मॅडमनी सगळ्या देशांना ओळीने स्टेजच्या बाजूला उभं केलं आणि सांगितलं, कुणीही पोशाख काढायचा नाही, शेठ कधीही येतील.

ते ‘कधीही’ काही येईना. अकरा वाजले, बारा वाजले. मेघालीला कोट चढवलेला. तिचे गाल लाल झाले, मग पांढरे पडले. रूपा पदराने वारा घालत होती. भूपेश गंजी आणि पँटवर मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, हातात मोबाईल. तिथूनच थेट काल्हेरला निघायचं म्हणून टोपी आणि हातमोजे त्याने खिशात कोंबून आणले होते.

“काढ त्यो कोट,” तो येऊन रूपाला म्हणाला. “पोरीला घेरी येईल. मला निघाया पायजे.”

“थांबा वाईस. गाडीचा आवाज आला बघा.”

आली ती पाण्याची गाडी. शेठ त्यानंतर आले, पांढऱ्या शुभ्र सुती शर्टात, गळ्यात बोटभर जाड साखळी. तक्त्याप्रमाणे कपडे घातलेला त्या मांडवातला तो एकटा माणूस. तोही एसी गाडीतून उतरलेला.

कार्यक्रम सुरू झाला. मॅडमनी देशांची ओळ लावली होती ती गरमकडून थंडकडे. म्हणजे एस्किमो शेवटी. अरबस्तान बोललं, आफ्रिका बोलली. शेतकऱ्याने “मी भारताचा शेतकरी, मी सर्वांना अन्न देतो” असं म्हणून मिशी काढून आईकडे फेकली. टाळ्या पडल्या. मागे विठूतात्याने पण टाळी वाजवली. तो कापणीवरून तसाच उठून आला होता आणि खुर्च्या भरल्या म्हणून उभा होता.

मग जपानचा एक चमचा पडला आणि मेघालीची पाळी आली. ती स्टेजवर गेली तेव्हा कोटच चालत गेल्यासारखा वाटला, पोरगी आत कुठेतरी होती. पण बोलली मात्र ठणठणीत. “मी एस्किमो. माझ्या देशात बर्फ असतो. म्हणून मी जाड कोट घालते.”

“वेरी गुड!” मॅडम म्हणाल्या. “आता सांग, उन्हाळ्यात आपण काय घालतो?”

मेघालीने उत्तर द्यायच्या आधी बापाकडे बघितलं. नुसतंच नाही, विचारल्यासारखं बघितलं. भूपेशने मान हलवली. रूपाने हात जोडले. मी मागे एका खुर्चीवर चढून उभा राहिलो, दुसऱ्याच्या पोरीसाठी.

“सुती,” मेघाली म्हणाली. “सुती, सैल आन फिकट.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी तिथंच जाहीर केलं की मेघालीची प्रगती छान आहे आणि ती आपल्याच वर्गात राहील. रूपा खुर्चीतच रडली. काम झालं होतं. भूपेश ढांगा टाकत स्टेजकडे गेला.

तोवर शेठ उठले. त्यांना सगळ्या देशांबरोबर फोटो काढायचा होता.

“फोटो व्हईपर्यंत कोनी हालाचा नाय,” शेठ म्हणाले. “ए एस्किमो, तू मधी ये. हिचा कोट भारी हाय. कुठशी आनला?”

“शेठ, तेवढा कोट द्या,” भूपेश स्टेजखालून म्हणाला. “माजी ड्युटी हाय. काल्हेरला, कोल्ड स्टोरेजमधी. तुमचाच गाळा हाय तो.”

“आपल्या गाल्यातला मानूस?” शेठ एवढे खूश झाले की त्यांनी त्याला दंडाला धरून वर ओढला. “अरे मंग आधी सांगाचा ना! आपलाच झाला तू. ये, तू पन फोटोत ये!”

“शेठ, उशीर व्हईल. गेट बंद करत्यात.”

“कोन करतो बंद? गाला कोनाचा? काय टेन्शन घेव नको. मी सांगतो तिथं.”

एवढा मोठा माणूस खांद्यावर हात ठेवून सांगतोय म्हटल्यावर भूपेश उभा राहिला. कोण नाही राहणार? फोटो एक काढून भागलं नाही. शेठबरोबर सगळे देश, मग मॅडमबरोबर, मग दोघांबरोबर. मग नुसता शेठ, एस्किमो आणि आपला माणूस. शेठनी त्यातला एक तिथंच मोबाईलवर, गाळ्यांच्या भाडेकरूंसकट सगळ्यांना पाठवला. मग कुठं कोट सुटला. आतून तो पिळून काढावा इतका ओला होता. भूपेशने तो तसाच अंगात घातला आणि भर उन्हात मोटारसायकलला किक मारली. मांडवातल्या बायका त्याच्याकडे बघून हसल्या. एकीने विचारलंसुद्धा, हा बापपण एस्किमो झाला होता का.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा आम्ही खळ्यावर होतो. अंगात नुसती गंजी. हातात टोपी नाही, मोजे नाहीत. रूपाने बघितलं आणि तिच्या हातातलं सूप खाली आलं.

“वाटंवर ट्रेलर आडवे व्हते,” तो म्हणाला. “पोचलो तवा गेट लागल्यालं. सुपरवायझरनं कोटाला हात लावला. म्हनला, ह्यो काय, नदीत पडलास काय? मी म्हनलो, घाम हाय. म्हनला, ड्युटीवर न येता घाम कुठशी आला? मंग त्यानं मोबाईल काडला आन फोटोच दाखिवला मला. कंपनीचा कोट, छातीवर एवडं मोठं नाव, आन आत माजी पोर.”

“आन शेठ?” विठूतात्याने विचारलं. “त्यांनी सांगतो म्हनलं व्हतं ना?”

“लावला ना फोन. धा-बारा टाइम लावला तवा उचलला.” भूपेश हसला, पण ते हसू बघवेना. “म्हनले, गाला माजा, भाडा माजा. मानसं कंपनीची. तेत आपन बोलत नाय.”

त्याच्या जागी गेटवरच्या रांगेतला माणूस तिथंच घेतला होता, भूपेशचाच कोट वाळला की तो घालून आत जाणार होता. टोपी आणि मोजे कंपनीने मोजून घेतले.

रूपाने तोंड दाबून धरलं. तिला रडता येईना, कारण दुपारी ती आनंदाने रडून बसली होती. विठूतात्या म्हणाला, “जाऊ दे. कापनीला मानूस कमी व्हताच.” त्याला धीर द्यायचा होता, पण ते वाक्य असं पडलं की काशीकाकीने त्याच्याकडे डोळे वटारले. मला त्या क्षणी करिष्मा मॅडमचा, शेठचा, त्या फोटोचा आणि त्या अख्ख्या एस्किमो जातीचा राग आला. एस्किमोंचा उगाच. ते बिचारे तिकडे बर्फात, त्यांना आमच्या भानगडी काय ठाऊक?

दिवाळी झाली. भूपेश रोज सकाळी गेटांवर चक्कर मारून येत होता. दिवाळीचा माल उठला होता, आता माणसं नकोत, असं सगळीकडे उत्तर. चक्कर मारून आला की तो गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भातात उतरायचा. दुपारचं ऊन अजून तापतच होतं. बापासारखाच विळा धरून, फाटकी पांढरी गंजी घालून तो ओळीत वाकलेला असायचा आणि आई त्याच्या मागून पेंढ्या बांधायची.

शाळा उघडली त्या दिवशी मी मेघालीला परत शेतावरच आणली. गाडीतून उडी मारून ती बांधावरून पळत सुटली. टाय पाठीवर, हात वर धरलेला. पंजावर चमकीचा स्टार चिकटवला होता.

“आजा! पप्पा! मला स्टार भेटला!”

“कशाचा गं?” रूपाने विचारलं.

“मॅडमनी इचारलं, उन्हात तुजे पप्पा काय घालतात. मी सांगितलं, सुती गंजी.” तिला धाप लागली होती. “आई, आज मी खोटं न्हाय बोलले. तरी दिला.”

भूपेश सरळ उभा राहिला, भिजलेली गंजी पोटापासून सोडवली आणि पोरीचा हात हातात घेऊन स्टार बघितला. “मोठा हाय,” तो म्हणाला. मग त्याने तिला सावलीत बसायला सांगितलं आणि पुढची ओळ धरली.